सटवाईच्या माथी मारू नका



मागच्या महिन्यात राजूरला आपली तालुक्याची बैठक झाली. विषय नेहमीचेच होते. वनजमिनीचे दावे, दंडाच्या जुन्या पावत्या गोळा करणं, वनहक्काचा कायदा. शेवटी डांगाणातल्या एका वाडीची आजी उभी राहिली. म्हणाली, "आमच्या वाडीत या पावसाळ्यापून तीन तान्ही बाळं गेली. त्याचं काय करायचं ते पन लिहा." क्षणभर सगळे गप्प. मग एक कार्यकर्ता म्हणाला, "आजी, ते डॉक्टरचं काम. आपला मुद्दा जमिनीचा आहे, तो भरकटायला नको." आजी खाली बसली. मीही गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं, ते आता लिहिते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या वाड्यांत पहिल्या महिन्यात जी बाळं जातात, तो जमिनीचाच मुद्दा आहे. पण जमीन मिळेपर्यंत त्यासाठी थांबायचंही कारण नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि संघटनेनं दोन्ही अंगावर घेतल्या पाहिजेत.

आधी बाळ जातं कसं ते बघू. त्या तीनांपैकी एका घरी मी जाऊन आले. पोरगी विशीच्या आतली. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर बागायतीकडं मजुरीला गेली. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत टोमॅटोचे क्रेट उचलले. पावसाला घरी आली ती थेट आवणीच्या चिखलात. दिवस भरायच्या आधीच घरी बाळंत झाली. बाळ तळहातापेक्षा थोडं मोठं. वजन कुणी केलंच नाही, वाडीत काटाच नव्हता. सासू सांगत होती, "पहिल्या दिशी चांगलं रडलं. तिसऱ्या दिशी रडणं बारीक झालं. मग दूध वढंना. अंग गार पडलं. पोट टम्म झालं." ओढ्याला पाणी, गाडी येत नाही. भगताला बोलावलं, त्यानं अंगारा लावला. सहाव्या रात्रीच्या आधी बाळ गेलं. सासू म्हणाली, "सटवाई लिवायला यायच्या आधीच गेलं, त्याच्या कपाळावर काही लिवलंच नव्हतं."

ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या वहीत ना त्या बाळाचा जन्म आहे ना मरण. आणि जिथं नोंद होते तिथं काय लिहितात? 'कमी दिवसाचे', 'अशक्त'. म्हणजे दोष कुणाचाच नाही. बाळच कमी पडलं!

खरं काय झालं होतं? तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या बाळाच्या रक्तात जंतू शिरले आणि अंगभर विष पसरलं. डॉक्टर याला सेप्सिस म्हणतात, आपण जंतुदोष म्हणू. जन्मताना अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, दीड किलोच्या आतलं म्हणजे फारच कमी वजनाचं. अशा बाळाला हा जंतुदोष लवकर का होतो, तेही समजून घेतलं पाहिजे. आईच्या रक्तातून रोगाशी लढायची शक्ती बाळाला मिळते ती मुख्यतः शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत. आधीच जन्मलेलं बाळ त्या शिदोरीशिवाय येतं. कातडी पातळ, तिच्यातून जंतू आत जातात. अंगावर चरबी नाही, म्हणून बाळ लवकर गार पडतं. चोखायला ताकद नाही, म्हणून आईचं दूध पोटात जात नाही. मग आपण कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी नाहीतर शेळीचं दूध देतो, आणि त्याच बोळ्यातून जंतूही देतो. मोठं माणूस आजारी पडलं की तापतं, कण्हतं, सांगतं. हे बाळ उलट गार पडतं आणि गप्प होतं. घरच्यांना वाटतं, शांत निजलंय.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा जिवाला मोठं हॉस्पिटल, काचेची पेटी लागणार, ती आपल्या डोंगरात कुठून आणायची? म्हणून गडचिरोलीची गोष्ट सांगते. तिथं डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' ही संस्था चालवली आहे. गडचिरोली म्हणजे जंगलाचा जिल्हा, आपल्यासारखाच आदिवासी भाग. तिथं १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत एक काम हाती घेतलं. प्रत्येक गावातली थोडी शिकलेली एक बाई निवडली. तिला नाव दिलं आरोग्यदूत. बाळंतपणाला सुईणीबरोबर ती हजर राहायची. बाळाचं वजन करायची, ऊब द्यायची, आईचं दूध लगेच पाजायला लावायची, आणि पहिला महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासायची. जंतुदोषाची लक्षणं दिसली तर आधी दवाखान्यात न्यायला सांगायची. आईबाप नेऊ शकत नसतील तर त्यांच्या संमतीनं घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि पातळ औषध द्यायची.

काय झालं त्याचं? इंजेक्शन देणं सुरू व्हायच्या आधी जंतुदोष झालेली १६३ बाळं नोंदली गेली होती, त्यांतली २७ गेली. आरोग्यदूतांनी औषध दिलं अशा ७१ बाळांपैकी फक्त २ गेली. पहिल्या महिन्यात मरणारी बाळं हजारी ६२ होती, ती तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आली. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं तिथं आकडा होता तिथंच राहिला, हजारी साठाच्या जवळ. एका बाळामागं खर्च आला साधारण सव्वापाच डॉलर, म्हणजे तेव्हाचे दोनशे रुपये. डिसेंबर १९९९ मध्ये विलायतेतल्या 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात हे सगळं छापून आलं. आज जगभरचे डॉक्टर ते शिकतात. आपल्या जिल्ह्यातल्या वाडीत मात्र ते पोचलेलं नव्हतं.

गडचिरोलीच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढं आली, ती आपल्याला फार उपयोगाची आहे. जंतुदोष ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सात खुणा आहेत. बाळाचं चोखणं कमी किंवा बंद होणं. रडणं बारीक किंवा बंद होणं. हातपाय लुळे पडणं. पोट फुगणं किंवा उलट्या. अंग हाताला गार लागणं. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणं. बेंबीतून पू येणं. यांतल्या कुठल्याही दोन खुणा एकदम दिसल्या की जंतुदोष धरून चालायचं, आणि वाट न बघता हलायचं. आता वर त्या सासूनं जे सांगितलं ते पुन्हा वाचा. रडणं बारीक झालं, दूध ओढंना, अंग गार, पोट टम्म. चार खुणा त्या न शिकलेल्या बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी टिपल्या होत्या. तिला दिसत होतं. त्या खुणांचा अर्थ सांगणारं आणि हातात औषध असणारं माणूस तेवढं वाडीत नव्हतं. मग 'आदिवासी अडाणी आहेत म्हणून त्यांची पोरं मरतात' हे जे सायबलोक बोलतात, ते कुठल्या तोंडानं?

आता जमिनीकडं येते. त्याच गडचिरोलीत १०० पैकी ४२ बाळं जन्मतःच कमी वजनाची भरली होती. आपल्याकडं कुणी नीट मोजलंच नाही, पण आईकडं बघितलं तर काटा न लावता कळतं. बाळाचं वजन आईच्या पोटात ठरतं, आणि आईचं पोट ठरतं घरच्या कणगीत काय आहे त्यावर. आपली कणगी कुणी रिकामी केली? भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. खाचरं आपली बुडाली आणि पाणी गेलं खाली उसाला. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपल्या तालुक्यासाठीच केली असावी. उन्हाळ्यात आमच्या बाया एका हंड्यासाठी डोंगर उतरतात, आणि आम्हाला सांगतात, बाळाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा! धुवायचे कशानं? १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. तेव्हापासून हिरडा, मध, कंद, रानभाजी यांना हात लावायचा म्हणजे गार्डाची भीती. २००२ साली केंद्रानं अतिक्रमणं हटवायचा हुकूम काढला. बापजाद्यांनी कसलेल्या वरई-नागलीच्या तुकड्यांवरही तेव्हा टांगती तलवार आली. जमीन नाही, रान नाही, म्हणून दिवाळी झाली की घरं बंद करून बागायतीकडं जायचं. तिथं गरोदर बाईला अर्ध्या मजुरीचं हलकं काम कुणी देत नाही. क्रेट उचल नाहीतर घरी जा.

म्हणून म्हणते, दोन किलोच्या आतलं बाळ हा जमिनीचा सातबारा आहे. आपली किती जमीन गेली ते त्या बाळाच्या अंगावर वाचता येतं.

पण इथं आपल्यातल्या काही साथींशी माझं भांडण आहे. ते म्हणतात, "मूळ प्रश्न जमिनीचा. तो सुटला की बाकीचं आपोआप सुटेल. इंजेक्शनं देत बसलो तर सरकारला पळवाट मिळेल." मूळ प्रश्न जमिनीचा हे मलाही मान्य. पण विधेयक लोकसभेत डिसेंबर २००५ मध्ये आलं. त्याचा कायदा झाला तरी त्यावर दावे कधी भरले जातील, पट्टे कधी हातात पडतील? तोवर किती पावसाळे जातील? गडचिरोलीची ३९ गावं तीन वर्षांत श्रीमंत झाली नव्हती. गरिबी तिथंच होती, तरी निम्म्याहून जास्त बाळांची मरणं टळली. म्हणजे गरिबी जाईपर्यंत पोरांनी मरायचंच, असा काही नियम नाही. आणि पळवाटेचं म्हणाल तर सरकार आज पळतंच आहे. मरणाची नोंदच न करणं, याहून मोठी पळवाट कुठली? 'सर्च' आणि राज्यातल्या इतर संस्थांनी २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला, तेव्हा दिसलं की सरकारच्या कागदावर जेवढी बालकं मरतात त्याहून प्रत्यक्षात कितीतरी जास्त मरतात. त्यानंतर सरकारला समिती नेमावी लागली. मोजलं म्हणून नेमावी लागली.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा. चौथी-सातवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? काही विपरीत झालं तर? ही भीती खोटी नाही. गावोगाव मोटारसायकलवरून फिरणारे, कसलीच पदवी नसलेले 'डॉक्टर' कुणालाही कसलीही सुई मारतात, तशी सुई आम्हाला नकोच. पण गडचिरोलीच्या बायांना महिनोन्महिने शिकवलं होतं, त्यांच्या कामावर देखरेख होती, वजनाप्रमाणं औषधाचं माप ठरलेलं होतं. डॉक्टरसाहेब, तुमच्या पेटीतलं औषध वाडीत येत नाही, पावसात तुम्हीही येत नाही. मग वाडीतल्या बाईच्या हातात ते द्यायला नको, असं म्हणायचा तुम्हाला काय हक्क?

तिसरा आक्षेप दवाखान्याचा. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत व्हा, पैसे घ्या. चांगलं आहे. अडलेल्या बाईला, दिवस न भरलेल्या बाईला दवाखान्यात नेलंच पाहिजे, आणि दीड किलोच्या आतलं बाळ घरी जगवणं फार अवघड, त्याला न्यावंच. पण बाई दुसऱ्या दिवशी घरी येते आणि जंतुदोष तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या दिवशी येतो. तेव्हा घरी कोण आहे? शिवाय दवाखाना म्हणजे आपोआप स्वच्छता नव्हे. एका पेटीत दोन-दोन बाळं आणि हात न धुता एकाकडून दुसऱ्याकडं जाणारी माणसं असली, तर जंतुदोष तिथंही पसरतो, आणि दवाखान्यातले जंतू साध्या औषधाला दादही देत नाहीत. नगर तर आपल्या डांगाणापासून शंभर किलोमीटरच्या वर. तेवढ्या वाटेत उघड्या जीपमध्ये बाळ गार पडलं तर नेऊन उपयोग काय? नेताना बाळ आईच्या छातीला, कातडीला कातडी लावून, वरून लुगड्यानं बांधून न्यावं. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात १९७८-७९ च्या सुमाराला पेट्या पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी हीच युक्ती सुरू केली आणि बाळं जगली. आपल्या बायांनी पोर अंगाशी बांधून आयुष्य काढलं आहे, त्यांना हे शिकवायला वेळ लागणार नाही.

आता थोडं आपल्याच अंगणाबद्दल. सरकारला शिव्या देताना हेही बोललं पाहिजे, नाहीतर आपण खोटे ठरू. पहिला चीक आपण पिळून टाकून देतो. तो टाकू नका, जंतूंशी लढायची ताकद त्यातच असते. जन्मल्या जन्मल्या बाळाला आंघोळ घालतो. कमी वजनाच्या बाळाला तर काही दिवस घालूच नका, कोरडं पुसा, डोकं झाका. नाळ विळ्यानं कापून तिच्यावर राख लावतो. नवं पातं आणि उकळलेला दोरा वापरा, वर काही लावू नका. पोट फुगलं म्हणून कुठं कुठं पोटावर डाग देतात. त्यानं जंतूंना आणखी एक दार उघडतं. गरोदरपणी मिश्री लावणं सोडा, तंबाखूनं बाळ बारीक होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न करणं सोडा. भगताला बोलावू नका असं मी म्हणत नाही, पण तो येईपर्यंत गाडी निघाली पाहिजे. आणि गड्यांनो, बायको आठव्या महिन्यात असताना तिला चिखलात उभी करून आपण काय करत असतो, तेही एकदा आठवा.

मग संघटनेनं काय करायचं? पाऊस तोंडावर आहे, म्हणून लगेच करायचं ते आधी सांगते.

एक. प्रत्येक वाडीत एक वही. त्यात जन्मलेलं प्रत्येक बाळ, त्याचं वजन, आणि गेलेलं प्रत्येक बाळ, मेलेलं जन्मलेलंसुद्धा. दंडाच्या पावत्या आपण जशा जपून ठेवतो तशी ही वही जपायची आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची. सरकारनं नोंद घेतली नाही तरी गावानं घेतली पाहिजे.

दोन. केंद्रानं २००५ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' नेमायचं ठरलं. आपली मागणी अशी की प्रत्येक वाडीला तिथलीच आशा, तिची निवड ग्रामसभेत, पुढाऱ्याच्या शिफारशीनं नव्हे. तिला काटा, तापमापक, ऊबदार पिशवी, आणि गडचिरोलीच्या धर्तीवर नवजात बाळाच्या जंतुदोषाच्या उपचाराचं शिक्षण आणि औषध. नुसती पत्रकं वाटायला आणि पोलिओच्या दिवशी पोरं गोळा करायला आशा नको.

तीन. तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात बारीक बाळासाठी उबेची स्वच्छ खोली, चोवीस तास पाणी, आणि पावसाळ्याचे चार महिने डांगाणात उभी राहणारी एक गाडी.

चार. आपला जिल्हा फेब्रुवारी २००६ मध्ये रोजगार हमी कायद्यात आला. दिवाळीनंतर वाडीतच काम निघालं, तर गरोदर बाईला बागायतीकडं जावं लागणार नाही. कामाचे अर्ज भरताना अशा घरांचे अर्ज आधी भरायचे. पावसाळ्याची खावटी आणि आदिवासी बायांचं मातृत्व अनुदान वेळेवर मिळालं पाहिजे. बाळाचं बारसं झाल्यावर मिळालं तर त्याचा त्या पोटाला काय उपयोग?

या चारही मागण्या वनहक्काच्या निवेदनातच घालाव्यात, वेगळ्या कागदावर नकोत. तहसील कचेरीवरच्या पुढच्या मोर्चात ती आजी पुढं असावी आणि तिनंच त्या वाडीच्या वहीतली नावं वाचावी. ज्यांना नाव ठेवायच्या आधीच जावं लागलं, त्यांच्या आईचं नाव वाचावं.

सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, असं आपण म्हणतो. तिचा मान राखू. पण सहाव्या रात्रीपर्यंत बाळ जगवणं हे तिचं काम नाही, ते आपलं आहे आणि ज्यांना आपण कर देतो त्या सरकारचं आहे. दोघांनी आपली चूक सटवाईच्या माथी मारणं आता बंद करू.

राघोजी भांगरेच्या तालुक्यात जमिनीसाठी लढणारी माणसं कमी नाहीत. त्या जमिनीवर उद्या नांगर धरणारं पोरही जगलं पाहिजे.

— एक कार्यकर्ती, अकोले तालुका